लग्नाचा गाऊन इथं शिवा, पण अस्तराला वेळ द्या

अचलपूरहून चांदूर बाजारकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव आहे. बायकांचे कपडे शिवणारी बाई गावात एकच, म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. फाट्यावर उतरून कोणालाही 'बाई टेलर कुठं?' म्हणून विचारा, लहान पोरगंसुद्धा दारापर्यंत आणून सोडतं. दुकान म्हणजे तिच्या घराची समोरची खोली. एक पायमशीन, एक मोटर बसवलेलं, कोपऱ्यात पिको-फॉलचं. कापायचा टेबल खिडकीपाशी, त्यावर खडू, कैची आणि मापांची जाड वही. ती आमच्याच मंडळीतली आहे. रविवारी आम्ही एकाच छताखाली उपासनेला बसतो, प्रभुभोजनाला एकाच रांगेत जातो. हे आधीच सांगितलेलं बरं. ओळखीच्या माणसाच्या दुकानाबद्दल लिहिणारा एक तर गोडगोड लिहितो, नाहीतर मनातला जुना हिशेब काढतो. मला दोन्ही करायचं नाही.

आधी काम कसं आहे ते सांगते, कारण वाचणाऱ्याला तेच पाहिजे असतं.

गाऊन. आमच्याकडच्या ख्रिस्ती लग्नात नवरी पांढऱ्या साडीत असते किंवा गाऊनमध्ये. गाऊन पाहिजे म्हटलं की लोक अमरावतीची, नागपूरची वाट धरतात आणि भाड्यानं आणतात. भाड्याचा गाऊन कोणातरी दुसरीच्या मापाचा असतो. पाठीमागून पिना लावून तो अंगावर बसवावा लागतो आणि पोरगी दिवसभर श्वास आखडून उभी राहते. ही बाई आधी साध्या मांजरपाटाचा कच्चा गाऊन शिवते, मोठ्या टाक्यांचा. तो नवरीला घालून तिला खोलीत चालवते, खुर्चीवर बसवते आणि मग गुडघे टेकायला लावते. हे शेवटचं मी दुसऱ्या कुठल्या टेलरला करताना पाहिलेलं नाही. आशीर्वादाच्या प्रार्थनेला नवरा-नवरी गुडघे टेकतात, तेव्हा गाऊनची कंबर वर चढते, समोरचा घेर गुडघ्याखाली अडकतो आणि उठताना नवरी धडपडते. ही बाई गुडघे टेकलेल्या पोरीभोवती जमिनीवर बसून फिरते, खडूनं खुणा करते, समोरचा काठ बोटभर वर घेते, मागचा तसाच सोडते. मांजरपाटावर सगळं पक्कं झाल्याशिवाय सॅटिनला कैची लावत नाही. शिलाई 2,500 रुपयांपासून सुरू, कापड आणि नेट आपलं. माझ्या भाचीचा गाऊन तिनंच शिवला. भाची त्यात उभी राहिली, बसली, जेवली, मांडवात लेकराबाळांना उचलून घेतलं, कुठं पिन लावावी लागली नाही.

ब्लाऊजही चांगले शिवते. मुंढा नीट बसतो, हात वर केला तरी बाही ओढत नाही. हूक हातानं लावते, दुहेरी दोऱ्यानं. साध्या ब्लाऊजची शिलाई 180, अस्तराच्या ब्लाऊजची 280, फॉल-पिको 80 रुपये. परतवाड्यापेक्षा थोडं कमीच. लहान मुलींचे फ्रॉक साधेच असतात, त्यात विशेष काही नाही. पुरुषांचे कपडे घेत नाही.

आता जे बिघडलं ते.

नाताळासाठी आमच्या महिला संघानं एकसारख्या साड्या घेतल्या, क्रीम रंगाच्या, आणि मरून ब्लाऊज. ब्लाऊजचं कापड रेशमासारखं चमकणारं, कृत्रिम धाग्याचं, आत सुती अस्तर. पंचवीस डिसेंबरला उपासनेत आम्ही ते घातले. सुंदर दिसले, पाळकसाहेबांनीही कौतुक केलं. 31 तारखेच्या रात्रीच्या उपासनेला तेच घालायचे म्हणून बायकांनी धुतले. वाळल्यावर पाहतात तर आतलं अस्तर आटलेलं आणि वरचं कापड होतं तेवढंच. पाठीवर झोळ आलेले, मुंढ्यापाशी चुण्या, आणि काहींचे तर हूकच लागेनात.

सुती कापड आटतं याचं कारण सोपं आहे. मागावर आणि गिरणीत धागा ताणून धरलेला असतो. पहिल्यांदा पाण्यात गेला की तो ताण सुटतो आणि धागा आखडतो. कृत्रिम धाग्याला हे होत नाही. म्हणून जाणते टेलर सुती अस्तर आधी काही तास साध्या पाण्यात बुडवून ठेवतात, सावलीत वाळवतात, इस्त्री करतात आणि मग कापतात. आमच्या ब्लाऊजचं अस्तर पाण्यातून काढलेलं नव्हतं. कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या बायांना हे कोणी समजावून सांगायला लागत नाही, पाहताक्षणी कळलं.

मग संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो यायला लागले. एकीनं पाठीचा टाकला, दुसरीनं बगलेचा. 'मंडळीतली म्हणून काम दिलं, तर असं केलं.' 'सगळ्या मिळून जाऊ आणि विचारू.' कोणीतरी लिहिलं की नातीला सांगून इंटरनेटवर एक तारा टाकू, म्हणजे कळेल. त्या ग्रुपमध्ये ती बाई नव्हती. तिच्या नावावर साठ-सत्तर ओळी लिहून झाल्या आणि ती घरी मशीनवर बसलेली, तिला पत्ताच नाही.

मला तिथं थांबवावंसं वाटलं ते ब्लाऊजसाठी नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभूनं याच गोष्टीची रीत घालून दिली आहे. तुझ्या भावानं अपराध केला तर जा, आणि तुम्ही दोघंच असताना त्याला तो दाखव. त्यानं ऐकलं तर भाऊ मिळवलास. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत घे. तरीही नाही ऐकलं, तर मग मंडळीला सांग. पायरी पायरीनं. आपल्याकडं सुरुवातच शेवटच्या पायरीवरून होते. आधी मंडळीला, म्हणजे ग्रुपला, मग एकदोघांना फोन, आणि ज्याच्याबद्दल बोलणं आहे त्याच्यापर्यंत गोष्ट पोचते ती तिसऱ्याच्या तोंडून, तिखटमीठ लावून. शिवाय त्या वचनात जायचं कशासाठी ते सांगितलं आहे. भाऊ मिळवण्यासाठी. ब्लाऊजचे पैसे परत मिळाले आणि बहीण गेली, तर त्या वचनाच्या हिशेबानं आमच्या पदरात काही पडलं नाही.

नीतिसूत्रांत अठराव्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, सतराव्या ओवीत. आधी बोलणाऱ्याची बाजू खरी वाटते, मग दुसरा येतो आणि त्याला तपासतो. इंटरनेटवरच्या दुकानांच्या पानांवर आधी बोलणाराच दिसतो. दुसरा येतच नाही. म्हणून मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की तिच्याशी बोलून येते, तोवर कोणी कुठं काही टाकू नका. बऱ्याच जणींनी अंगठा दाखवला. एकीनं माझ्याबद्दल लिहिलं, 'सिस्टर नेहमीच मऊ बोलतात.' असू दे.

दुपारी गेले, गिऱ्हाईक नसायच्या वेळी. रविवारी चर्चच्या पायरीवर हे बोलायचं नाही हे मी ठरवलंच होतं. तिथं चार माणसं उभी असतात, आणि चार माणसांत माणूस आपली इज्जत सांभाळतो, ऐकत नाही. सोबत माझा स्वतःचा ब्लाऊज घेतला, दुसऱ्या कोणाचा नाही. 'सगळ्याच म्हणतात' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत असंही ठरवलं होतं. हे शब्द माणसाला भिंतीला टेकवतात. सगळ्या म्हणजे कोण, हे त्याला विचारताही येत नाही आणि त्या सगळ्यांपुढं उत्तरही देता येत नाही. मला जे दिसलं ते माझ्या नावावर सांगायचं.

नाथान संदेष्टा दाविदाकडे गेला तेव्हा 'तू असं केलंस' म्हणत गेला नाही. एका गरिबाच्या, श्रीमंतानं हिसकावून घेतलेल्या एकुलत्या कोकराची गोष्ट त्यानं राजापुढं ठेवली आणि न्याय राजालाच करू दिला. माझ्याकडं कोकराची गोष्ट नव्हती, ब्लाऊज होता. तोच मी तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "हा धुतल्यावर असा झाला, बाई. तुझ्या हातचं असं कधी होत नाही. काय झालं असंल?"

तिनं ब्लाऊज उलटा केला. अंगठा मुंढ्याच्या शिवणीवरून फिरवत बगलेपर्यंत आणला. मग खिडकीपाशी गेली, उजेडात धरला, वरचं कापड आणि अस्तर दोन चिमटीत धरून ओढून पाहिलं. वरचं सैल, आतलं ताठ. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अस्तर आटलं, सिस्टर. पान्यातून काढलं नोतं मी."

त्यानंतर 'पण' आलं नाही. मी वाट पाहत होते, खरं सांगते. माणूस चूक कबूल करतो आणि लगेच पुढं 'पण' जोडतो, मग कबुलीतलं पाणी निघून जातं. शौल राजाचं असंच झालं होतं. अमालेक्यांचं काही राखू नको म्हणून आज्ञा होती, आणि शमुवेल आला तेव्हा म्हणतो, मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेलानं विचारलं, मग ही मेंढरं ओरडतात ती कुठली? तर म्हणे लोकांनी आणली, तीही यज्ञासाठी. दावीदाचा गुन्हा शौलापेक्षा कमी नव्हता, उलट ज्याची बायको त्यानं घेतली त्या उरीयाचा जीव गेला होता. पण नाथानानं बोट दाखवल्यावर दावीद एवढंच म्हणाला की मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. लोकांचं नाव घेतलं नाही, यज्ञाचं नाही. या दोन राजांमधला फरक मी इतकी वर्षं उपदेशांत ऐकत आले. त्या खिडकीपाशी तो डोळ्यांपुढं पाहिला.

पुढं तिनं विचारलं, "आखीन कोनाकोनाचे असे झाले?" मी नावं सांगितली नाहीत, म्हटलं, त्या त्या येतील. तिनं मापांची वही ओढली, नाताळाच्या ऑर्डरचं पान काढलं, आणि सगळ्या नावांपुढं पेनानं एक रेघ मारली. म्हणजे सगळेच ब्लाऊज परत मागवायचे, तक्रार असो नसो. मग माझा ब्लाऊज घेऊन बगलेचे टाके ब्लेडनं उसवायला लागली. शिवणीत माया, म्हणजे आत दाबलेलं जास्तीचं कापड, बऱ्यापैकी सोडलेली होती, ते तिचं जुनं चांगलं वळण. माझा त्या मायेतच निघाला. काहींचं अस्तर मात्र पूर्ण बदलावं लागलं. नवीन अस्तर तिनं स्वतःच्या पैशानं आणलं, पाण्यातून काढलं, अंगणात दोरीवर वाळत घातलं. आमच्या गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला ते दिसत होतं आणि तिला त्याची लाज वाटली नाही. 31 च्या रात्री ज्यांना गायचं होतं त्यांचे आधी दिले, बाकीच्यांचे नंतर. शिलाई एक रुपया घेतली नाही.

कोणी म्हणेल, टेलरनं आपली चूक दुरुस्त केली, यात एवढं लिहिण्यासारखं काय? मी कोठाऱ्याच्या कुष्ठरोग दवाखान्यात नर्स होते, त्यामुळं मला यात लिहिण्यासारखं दिसतं. परतवाड्याजवळ आहे तो दवाखाना, आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. लोकांना वाटतं की कुष्ठरोगानं बोटं झडतात. जंतू बोटं खात नाही. तो नसा मारतो. नस मेली की हाताला, पायाला कळायचं बंद होतं. चुलीवरचं पातेलं उचललं तर भाजलेलं कळत नाही, तळव्यात काटा रुतला तर दुखत नाही. माणूस त्याच पायावर शेतात जातो, जखम चिघळते, हाडापर्यंत पोचते. ज्याला दुखतं तो लंगडत घरी येतो आणि काटा काढतो. ज्याला दुखत नाही त्याचा पाय जातो. औषधांनी जंतू मरतो, मेलेली नस परत येत नाही. म्हणून आम्ही रुग्णांना रोजचा एक नेम लावून द्यायचो. संध्याकाळी पाय साध्या पाण्यात बुडवून ठेवायचे, घट्टे घासायचे, तेल लावायचं, आणि तळवे डोळ्यांनी पाहायचे. स्वतःला दिसत नसेल तर घरातल्या माणसाला पाहायला सांगायचं. वॉर्डात मी हजारदा सांगितलं असेल, तुमच्या तळव्याला दुखत नाही म्हणून दुसऱ्याच्या डोळ्याची लाज धरू नका.

आमच्या मंडळ्यांना तो बधिरपणा आलेला मी पाहिला आहे. तोंडावर 'प्रभूची स्तुती, छान झालं', आणि पाठीमागं सगळं. संडे स्कूलच्या शिक्षिकेला कोणी सांगत नाही की मुलं कंटाळतात. पेटी वाजवणाऱ्याला कोणी सांगत नाही की तो सूर फार वर धरतो, म्हाताऱ्या बायकांना गाताच येत नाही. पाळकांना तर कोणीच काही सांगत नाही, आणि मग एक दिवस अर्धी मंडळी उठून दुसऱ्या चर्चला जायला लागते. सगळ्यांना धक्का बसतो. काटा कधीचाच रुतलेला असतो. पौलानं इफिसकरांना लिहिलं की प्रीतीनं सत्य बोला. आपण त्यातलं अर्धं अर्धं वाटून घेतलं आहे. काही जणांकडं नुसती प्रीती, ते कधी काही बोलत नाहीत. काही जणांकडं नुसतं सत्य, ते बोलले की समोरचा आठ दिवस जेवत नाही.

दुकानाकडं वळते, कारण तिथं आणखी एक गोष्ट घडली आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटली.

सगळ्यांचे ब्लाऊज देऊन झाल्यावर, जानेवारीत, मी एक साडी फॉलला टाकायला गेले. ती म्हणाली, "सिस्टर, एक बोलू का? राग नोका मानू." मग तिनं सांगितलं. संघाचं रंगावर एकमत होत नव्हतं म्हणून कापड तिच्याकडं उशिरा पोचलं. अस्तर भिजवायला, वाळवायला दिवस लागतील असं तिनं कापड आणून देणाऱ्या बाईला सांगितलं होतं. तर उत्तर मिळालं, 'नाताळ काय पुढं ढकलायचा का?' शिवाय संघाचे पैसे नेहमी तुकड्या-तुकड्यांनी येतात, आधीच्या वर्षीच्या शिलाईतले काही अजून यायचेच आहेत. मंडळीचं काम म्हणून ती मागत नाही. "तरी बी मी नाही म्हनाले पायजे होतं," ती म्हणाली. "टाइम नाही तं काम घेऊ नोये. ते माह्यंच चुकलं. पन संघाले हे कोनी सांगितलं पायजे."

हे सगळं ती पहिल्या दिवशी बोलू शकली असती. खरंही होतं, आणि आमची तोंडं बंद झाली असती. पण त्या दिवशी बोलली असती तर ते शौलाच्या मेंढरांसारखं झालं असतं. तिनं आधी आपला हिशेब चुकता केला, मग आमचा काढला. आणि काढला तोही एकटीला गाठून. प्रेषितांच्या कृत्यांत अपुल्लोस नावाचा मोठा वक्ता आहे, शास्त्रात पारंगत, पण त्याला बाप्तिस्म्याबद्दल अर्धंच माहीत होतं. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला सभास्थानात उभं राहून टोकलं नाही. आपल्याकडं नेलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. हे नवरा-बायको पोटासाठी काय करत होते तेही तिथंच लिहिलं आहे, तंबू बनवायचे. म्हणजे जाड कापड आणि सुई-दोऱ्यातलीच माणसं. मोठ्या वक्त्याला शिवणकामाच्या माणसांनी शिकवलं आणि तो शिकला. आमच्या संघात शिकलेल्या बायका आहेत, मास्तरणी आहेत, मीही नोकरी केलेली. टेलर बाईनं आपल्याला चार गोष्टी सांगाव्यात हे काहींच्या पचनी पडायला जड गेलं.

मी तिला विचारून, तिच्या परवानगीनं, हे संघाच्या बैठकीत ठेवलं. खजिनदारबाईंनी वही उघडली, बाकी खरंच निघाली, आणि त्यांनी त्याच आठवड्यात ती दिली, काही कुरकुर न करता. 'नाताळ पुढं ढकलायचा का' म्हणणाऱ्या बहिणीचं नाव मी घेतलं नव्हतं, पण तिला ते लागलं. मी तिच्या घरी जाऊन बसले, चहा घेतला, बोलले. ती माझ्याशी बोलते, पण टेलरकडं अजून जात नाही, परतवाड्याला शिवते. गलतीकरांच्या पत्रात सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे की चुकलेल्याला सौम्यपणानं ताळ्यावर आणा आणि स्वतःवर नजर ठेवा, तुम्हीही मोहात पडू नये म्हणून. सौम्यपणा करूनही कधी कधी माणूस दूर जातो. त्या बहिणीसाठी मी प्रार्थना करते आणि तिचा राग खोटा आहे असं मी मानत नाही.

आता एक प्रश्न राहतो. सगळं दोघांतच बोलायचं, तर मग मी हे इथं चारचौघांत का लिहिते आहे? आणि कुणीच कधी इंटरनेटवर तक्रार लिहू नये का?

लिहावी. पौलानंच अंत्युखियात पेत्राला सर्वांसमोर सुनावलं. पेत्र आधी यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता, आणि यरुशलेमेहून याकोबाकडची माणसं आल्यावर त्या माणसांना भिऊन या विश्वासणाऱ्यांपासून वेगळा बसायला लागला. त्याचं पाहून बाकीचेही, अगदी बर्णबाही. तिथं पौलानं त्याला बाजूला नेलं नाही. चूक चारचौघांत झाली होती, ताटावरून उठवलेली माणसं समोर बसलेली होती, त्यांना ऐकू येईल असंच ते बोलायला हवं होतं. मी यावरून स्वतःपुरता एक नियम धरला आहे. दुकानदारानं घाईत, नजरचुकीनं काही बिघडवलं तर आधी त्याच्याकडं जायचं. आणि दुकानदार अनोळखी लोकांना ठरवून फसवत असेल तर जाऊन सांगायचं, आणि ऐकलं नाही तर उघड लिहायचं, कारण पुढं फसणारा आपला शेजारी आहे. शहरातल्या एका भाड्याच्या कपड्यांच्या दुकानानं आमच्या ओळखीच्या कुटुंबाचं डिपॉझिट डाग पडल्याचं सांगून ठेवून घेतलं. डाग आधीचा होता, फोटो होता. सांगायला गेले तर हाकलून दिलं. तिथं मी स्वतः त्यांना म्हटलं, लिहा, आणि फोटोसकट लिहा. तरीही जे घडलं तेवढंच लिहा. मालकाची जात, घर, बायको यातलं काही नको.

आणि या टेलरबद्दल इथं जे आहे ते मी आधी तिला वाचून दाखवलं. मशीन थांबवून तिनं सगळं ऐकलं. अस्तराची गोष्ट काढून टाक म्हणाली नाही. गाऊनची शिलाई मी कमी लिहिली होती, ती तिनं बरोबर करायला लावली. आणि म्हणाली, आता मी अस्तर भिजवल्याशिवाय कापत नाही हे लिहा. लिहिते. दुकानाच्या मागच्या अंगणात आता एक निळं पिंप ठेवलेलं आहे, अस्तरासाठीच, आणि कापड घेऊन आलेल्या प्रत्येकीला ती तारीख सांगताना भिजवायचे दिवस आधीच धरून सांगते. आता कोणी 'आजच्या आज द्या' म्हटलं तर सरळ नाही म्हणते. याकोब म्हणतो ऐकायला त्वरा करा, बोलायला आणि रागवायला सावकाश. हे वचन मी भिंतीवर टांगलेलं खूप घरांत पाहिलं. ही बाई त्यावर धंदा करते.

जे अजून नीट नाही तेही तिला सांगूनच लिहिते आहे. कपडे घालून पाहायला आडोसा म्हणजे कोपऱ्यात दोरीवर टाकलेला एक पडदा. तो एका बाजूनं उघडा राहतो आणि दार रस्त्यावर आहे. वयात आलेल्या पोरींना तिथं अवघड होतं. आरसा कमरेपर्यंतच दिसेल एवढा, त्यामुळं गाऊनचा घेर नवरीला स्वतःला पाहता येत नाही, आईच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा लागतो. पडदा ती बदलणार आहे. आरशाला पैसे लागतील असं म्हणाली, ते खरं आहे. लगनसराईत तारखा मागंपुढं होतात. चार दिवस म्हटलं तर आठ धरून चाला. कापड दिल्याची चिठ्ठी ती देत नाही, सगळं वहीत आणि डोक्यात असतं. आजवर कोणाचं कापड हरवल्याचं ऐकलं नाही, तरी चिठ्ठी द्यावी असं माझं मत आहे. या वर्षी छापून घेते म्हणाली.

पाचपैकी चार तारे. पाचवा पडद्याचा आणि चिठ्ठीचा, ते झालं की मी इथं येऊन बदलेन.

जाणाऱ्यांसाठी: रविवारी दुकान बंद. बुधवारी ती सामान आणायला परतवाड्याला जाते, त्या दिवशी संध्याकाळी या. नाताळाचे कपडे दिवाळीच्या आधी टाका, गाऊनसाठी महिनाभर तरी हाताशी ठेवा आणि नवरीला सोबत आणा, जुन्या कपड्यावरून माप ती घेत नाही. काही बिघडलं तर ब्लाऊज घेऊन दुपारी जा, दोन ते चारमध्ये गर्दी नसते. पैसे रोख किंवा फोनवरून चालतात, पण एकरकमी द्या.